वाकलेला व्हॉल्व्ह आणि सरांची तार

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसलेले आहेत, परदेशातून विमानानं आलेले आहेत. मी गणितात ३४ मार्क घेऊन बसलेला माणूस. ऑक्टोबरला पुन्हा बसलो, सुटलो, आणि आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला गेलो. पण संयोजक म्हणाले, "प्रत्येकानं आपापल्या कामावर बोलायचं ठरलंय. डॉक्टर हृदयावर बोलणार आहे, तू इंजिनवर बोल." म्हटलं, चालतंय. हृदयातही झडपा असतात आणि इंजिनातही असतात. फरक एवढाच, की माझा पेशंट उघडून टेबलावर ठेवला तरी ओरडत नाही.

माझं दुकान शिवाजी उद्यमनगरात आहे. तिथं मी फक्त इंजिनाच्या हेडचं काम करतो. गाडी माझ्याकडे येत नाही, गाडीचं हेड येतं. गावातले आणि बाहेरगावचे मिस्त्री हेड खोलून पोत्यात गुंडाळून आणून टाकतात. १९९३ साली मी स्वतःचं शटर उघडलं. त्याआधी सहा वर्षं वस्तादांच्या हाताखाली हेल्पर होतो. पण खरं सांगायचं तर या धंद्यातला पहिला धडा मला वस्तादांनी दिला नाही. तो आपल्या वर्कशॉपच्या सरांनी दिला. सर आज समोर बसलेत, आणि त्यांच्यासमोर मला एक गोष्ट बोलायची आहे. पण ती शेवटी. आधी तुम्हाला ती कळायला हवी.

आठवीत टेक्निकलच्या तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात वीतभर लोखंडी तार दिली होती, आठवतंय? "वाकवा" म्हणाले. वाकवली. "सरळ करा." केली. "पुन्हा वाकवा." पाच-सात वेळा केल्यावर तार पटकन तुटली. मग सर म्हणाले, "तुटलेल्या जागी बोट लावा." गरम लागत होतं. तेव्हा सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. एवढंच म्हणाले की, धातू दिसायला सरळ झाला म्हणजे पहिल्यासारखा झाला असं नसतं, आत काय झालंय ते त्यालाच माहीत. आपण सगळे हसलो होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी तुटलेली तार पुढच्याच्या कॉलरमध्ये टाकली होती. तो मीच होतो.

आता हेड म्हणजे काय ते सांगतो. इंजिन म्हणजे खाली भोकं असलेला जाड ब्लॉक. त्या भोकांत पिस्टन वरखाली करतो. त्या भोकांवर जे झाकण बसतं ते हेड. कुकरला झाकण असतं तसंच, आणि मध्ये रिंग असते तशी इथं गॅस्केट असते. कुकरच्या झाकणाला एक शिट्टी असते. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह असतात, नव्या गाड्यांत बहुधा चार. इनटेकमधून हवा आत येते आणि एक्झॉस्टमधून जळका धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह दिसतो कसा? लांब देठाच्या छत्रीसारखा, किंवा अळंबीसारखा. खालची टोपी सीटवर बसते आणि देठ गाइड नावाच्या नळीतून वरखाली होतो.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. आपण इथून रत्नागिरीला जाऊन येईपर्यंत तो लाखो वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टोपी जोरात चालणाऱ्या इंजिनात सातशे-आठशे अंशांपर्यंत तापते, अंधारात पाहिली तर लाल दिसेल इतकी. ही उष्णता जाते कुठं? बरीचशी सीटमधून. व्हॉल्व्ह मिटला की टोपीची कड सीटला टेकते आणि तेवढ्या क्षणात अंगातली उष्णता हेडला देऊन टाकते. हेडमधून पाणी फिरतं, ते ही उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं. ती कड किती रुंद असते? साधारण एक ते दीड मिलिमीटर, एक्झॉस्टला थोडी जास्त. तेवढ्या टेकूवर तुमच्या गाडीचा जीव आहे.

हेड दोन कारणांनी बिघडतं. एक उष्णता, दुसरं मार. दोन्हीची औषधं वेगळी आहेत, आणि आजची सगळी गोष्ट या फरकाचीच आहे.

उष्णतेची गोष्ट आपल्यातल्याच एकाची आहे. नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालतोय. मागच्या वर्षी बेळगावहून येताना निपाणीजवळ त्याच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर गेला. या भावानं विचार केला, आता घर जवळच आहे. आणि आला तसाच कागलपर्यंत. कागलला इंजिन स्वतःच बंद पडलं. एका वर्कशॉपनं त्याला सांगितलं, हेड गेलं, नवीन घालावं लागेल. मग त्याला माझी आठवण झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा फोन आला, पण आला.

आजकालच्या बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. कित्येक गाड्यांत त्याच्या खालचा ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पण हेड तर बोल्टांनी आवळून बसवलेलं. फुगायला जागा नाही मिळाली की ते मधून उचललं जातं, पापड भाजताना वर येतो तसं. थंड झालं की थोडं परत येतं, पूर्ण येत नाही. मधल्या फटीतून गॅस्केट जळते, पाणी सिलिंडरमध्ये जातं, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतो. बाहेरून खुणा दिसतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर जो गाडी तापली तरी थांबत नाही. कुठं गळती नसताना पाणी कमी होणं. रेडिएटरमध्ये बुडबुडे. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होणं. पण ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा साका दिसला म्हणून लगेच घाबरू नका. रोज दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो जमतो. डिपस्टिक बघा. तिच्यावरही चहा असेल तर मिस्त्रीला बोलवा.

त्याचं हेड आलं. आधी धुतलं, मग सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघितलं. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत. आपल्या वहीच्या कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. बऱ्याच हेडला चालणारा बाक त्याच्या निम्मा असतो. त्याच्या हेडला मधे अडीच कागद जात होते.

पण बाक बघून थांबायचं नसतं. ॲल्युमिनियम जास्त तापलं की मऊ पडतं, मग त्यात बोल्ट धरत नाहीत आणि गॅस्केटची कडही रुतते. म्हणून कडकपणा बघायचा. मऊ पडलं असेल तर ते हेड वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ सांगायचं. त्याचं ठीक होतं. मग चिरा. चिरा पडतात त्या दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या अरुंद पुलावर, नाहीतर सीट आणि प्लगच्या मध्ये. लाल रंगाचं औषध मारायचं, पुसून टाकायचं, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. लोखंडाच्या हेडला चुंबकानं चीर दिसते, ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, त्यामुळं हीच पद्धत. शेवटी हेडच्या पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतो ना, अगदी तेच. पाणी गरम का? काही चिरा थंडीत मिटलेल्या असतात, धातू फुगला की उघडतात.

त्याच्या हेडला बुडबुडा आला नाही. मग आम्ही ते सरळ केलं. हो, हेड सरळ करता येतं. जाड लोखंडी प्लेटवर दोन्ही टोकांखाली पातळ पत्रे ठेवायचे, मधे बोल्टनं हळूच ओढायचं, भट्टीत तापवायचं आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचं. उष्णतेनं वाकलेलं उष्णतेनंच परत आणायचं. मग उरलेला थोडा बाक मशीनवर फेसिंग करून काढायचा. काही दुकानांत सरळ न करता नुसतं फेसिंग करतात. खालची बाजू आरशासारखी होते, गिऱ्हाईक खूश. पण वर कॅमशाफ्टची घरं अजून वाकडीच असतात. मग कॅमशाफ्ट आवळली की फिरत नाही, फिरवली तर तुटते. शिवाय जास्त धातू काढला की कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. काही डिझेल हेडला तर कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही. म्हणून फेसिंग कमीत कमी, आणि कॅम हातानं गरगर फिरली पाहिजे. त्याची गाडी आजही तो चालवतो. आज त्याच गाडीनं आलाय. येताना काट्याकडे बघत आला असेल.

आता मार. टायमिंगचा पट्टा किंवा चेन, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. खाली क्रँक फिरते, तिच्याशी बांधून वरची कॅम फिरते. पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले, पिस्टन खाली जाईल तेव्हा हवा तो उघडा, हा ताल पट्टा सांभाळतो. लेझीम खेळताना एकानं ठेका चुकवला तर काय होतं? शेजाऱ्याच्या डोक्यात लेझीम बसते. पट्टा तुटला की कॅम आहे तिथं थांबते. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पण खाली क्रँक आपल्या वेगानं अजून फिरतेय, पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हच्या टोपीवर आदळतो. देठ वाकतो, कधी गाइडला चीर जाते, कधी पिस्टनला भोक पडतं. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही, काहींत दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवलेलं असतं. पण बऱ्याच इंजिनांत होतं.

असं झालं की चावी फिरवल्यावर स्टार्टर नेहमीसारखा अडत अडत फिरत नाही, हलका, सुसाट फिरतो. तो आवाज आला की थांबायचं. "बघू पुन्हा एकदा" म्हणून दहा वेळा चावी मारायची नाही. पट्टा अर्धवट सरकला असेल तर एका चावीनं वाकलेले दोन व्हॉल्व्ह दहाव्या चावीपर्यंत आठ होतात.

हेड उतरवल्यावर पहिली परीक्षा सोपी. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्हवरच्या वाटीत केरोसीन ओतायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत खालच्या वाटेनं ठिबकलं असेल तर तो व्हॉल्व्ह बसत नाही. मग व्हॉल्व्ह काढून व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, डायल गेजची सुई लावायची आणि बोटानं फिरवायचा. सुई नाचली की वाकलाय. डोळ्याला अगदी सरळ दिसणारा व्हॉल्व्हही सुई नाचवतो.

वाकलेला व्हॉल्व्ह बदलायचा. एवढंच. त्याला दुसरं औषध नाही. गाइड सैल किंवा चिरलेला असेल तर तो काढायचा, हेड गरम करून नवा ठोकायचा. मग सीट कापायची तीन कोनांत, तीस, पंचेचाळीस आणि साठ. मधली पंचेचाळीसची कड टेकायची, बाजूच्या दोन्ही तिची रुंदी आणि जागा ठरवतात. मग बारीक पेस्ट लावून लॅपिंग. लाकडी काडीच्या टोकाला रबरी वाटी असते, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन तळव्यांमध्ये फिरवायची, ताक घुसळायची रवी फिरवतो तशी. अधूनमधून उचलायची, पुन्हा फिरवायची. कडेवर सगळीकडून सारखा राखाडी पट्टा उमटला की झालं. पेस्टचा कणही आत राहता कामा नये, नाहीतर हेड वाचेल आणि इंजिन जाईल. मग नवे सील, नवी गॅस्केट, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच फुटतो. हे सगळं ज्यानं केलं त्याच्याकडून गाडी घ्यावी.

आता सरांची गोष्ट.

सर १९९६ साली निवृत्त झाले. फंडाच्या पैशांतून त्यांनी एक जुनी गाडी घेतली. गाडीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दसरा चौकात त्या गाडीचा पट्टा तुटला. सरांना दुकान ठाऊक होतं. स्वतः आले, म्हणाले, "तुझ्याशिवाय कुणाकडं देऊ?" मित्रांनो, ज्या पोराला त्यांनी बाकावर उभं केलं होतं त्याच्याकडे ते गाडी घेऊन आले होते. मला आकाश ठेंगणं झालं. मी म्हटलं, "सर, गणपतीला गाडी दारात."

हेड खोललं. आठ व्हॉल्व्हपैकी पाच वाकलेले. चार नवे गावात मिळाले. पाचवा, एक्झॉस्टचा, कुठंच नव्हता. पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते, आणि गणपती परवावर. सरांना फोन करून सांगता आलं असतं, "सर, दोन दिवस उशीर होईल." एवढं एकच वाक्य. पण मी शब्द दिला होता ना. सरांसमोर मी कसा कामाचा माणूस झालोय ते दाखवायचं होतं ना.

पाचवा व्हॉल्व्ह फार वाकला नव्हता. मी तो व्ही-ब्लॉकवर ठेवला, प्रेसखाली हळूहळू दाबून सरळ केला. डायलची सुई जवळजवळ थांबली. लॅपिंग केलं. केरोसीन ओतलं, थेंब ठिबकला नाही. माझ्या वस्तादांनी बघितलं असतं तर कानाखाली वाजवली असती. पण दुकान माझं होतं, बघणारं कुणी नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी दारात. काकूंनी मला मोदकांचा डबा दिला.

चार महिने गाडी उत्तम चालली. डिसेंबरमध्ये सरांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण रत्नागिरीला, सासरी होतं. दिवस अलीकडे आले म्हणून निरोप आला आणि सर-काकू संध्याकाळीच निघाले. आंबा घाटात रात्री नऊच्या सुमारास त्या व्हॉल्व्हची टोपी देठापासून तुटली. टोपी सिलिंडरमध्ये पडली की पिस्टन तिला प्रत्येक फेऱ्याला हेडवर आपटतो. दोन-तीन सेकंदांत पिस्टन फुटला, हेडच्या वाटीचा चेंदामेंदा झाला, सीट निघून आली. इंजिन जागीच जाम. घाटात, वळणावर, थंडीत, मोबाइल नाही. सर बॅटरी घेऊन वळणाच्या वर उभे राहिले, मागून येणाऱ्या ट्रकनं गाडीला उडवू नये म्हणून. साठ वर्षांचा माणूस, रात्रभर. पहाटे एका मालट्रकवाल्यानं त्यांना मलकापूरला आणलं. काकू रत्नागिरीला पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नात सकाळीच झाली होती. लेकीजवळ आई नव्हती.

आठवड्यानं गाडी ओढून माझ्या दारात आली. मी हेड खोललं. सर शेजारी उभे होते. तुटलेला देठ मी त्यांच्या हातात दिला. सरांनी चष्मा वर केला, देठ उजेडात धरला आणि त्याचं वरचं टोक बघितलं. त्या टोकावर वर्षानुवर्षांची झीज होती. चार महिन्यांत नव्या व्हॉल्व्हला तेवढी झीज येत नाही. त्यांनी विचारलं, "काय झालं रे हे?"

मी म्हटलं, "सर, माल खराब आला असणार. हल्ली भरवसा राहिला नाही."

सर म्हणाले, "हं." आणि विचारलं, "किती होतील?"

मी हेडची वाटी आर्गननं भरून दिली, नवी सीट बसवली, पिस्टन घातला, आठही व्हॉल्व्ह नवे घातले. त्या कामात काही कसर ठेवली नाही. आणि साडेचार हजार रुपये घेतले. मित्रांनो, घेतले. कारण घेतले नसते तर का घेत नाही ते सांगावं लागलं असतं.

सरांनी त्यानंतर गाडी मला दाखवली नाही असं नाही. येत राहिले. कधी विषय काढला नाही. त्यामुळंच मला त्यांच्यासमोर यायला जड जायचं. २०१० च्या मेळाव्याला मी आलो नाही, सगळ्यांना सांगितलं की कामाची गर्दी आहे. गर्दी कसली, रविवार होता.

सर, आज सगळ्यांसमोर सांगतो. माल खराब नव्हता. तो व्हॉल्व्ह मी सरळ केला होता. तुम्ही आठवीत तार देऊन जे शिकवलं होतं ते मला माहीत होतं. न कळून झालेली चूक नव्हती ती. काकू आज नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं. तुमच्या लेकीला मी परवा फोन केला, तिला सांगितलं, मग इथं आलो.

मी पुष्कळ विचार केला, की हेड सरळ केलेलं चालतं तर व्हॉल्व्ह का नाही? कारण हेड एकदा सावकाश परत आणलं की ब्लॉकवर बोल्टांनी घट्ट बसून राहतं, त्याच्या पाठीला आधार असतो. व्हॉल्व्हला आधार नाही. लाल तापलेला, सेकंदाला पंचवीस वेळा सीटवर आपटणारा, आणि सगळा ताण गळ्यावर, जिथं टोपी देठाला मिळते तिथं. वाकताना तिथं बारीक इजा होते, सरळ करताना ती वाढते. डायलची सुई फक्त आकार सांगते, आतली इजा सांगत नाही. केरोसीनही सांगत नाही. म्हणून दुरुस्त काय करायचं आणि बदलायचं काय, हे आधी ठरवायचं आणि गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. उशीर होणार असेल तर उशीर होणार असं सांगायचं. उशिरानं कुणाची गाडी घाटात अडकत नाही.

त्या डिसेंबरपासून माझ्या दुकानात एक नियम आहे. वाकलेला व्हॉल्व्ह निघाला की त्याच दिवशी कटरनं त्याचे दोन तुकडे करायचे आणि मग भंगाराच्या डब्यात टाकायचे. पोकळ, आत सोडियम भरलेले असतात तेवढे कापायचे नाहीत, ते धोक्याचे असतात, त्यांना वेगळा डबा. बाकी सगळे कापायचे. संध्याकाळच्या घाईत कुणाचा मोह व्हायला नको, माझा तर नकोच. हेल्पर पोरं विचारतात, वस्ताद, कापता कशाला, भंगारवाला तसाही नेतो की. मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. सरांचं नाव न घेता, पण माझं घेऊन.

तुम्हा सगळ्यांसाठी चार वाक्यं, आणि थांबतो. काटा वर गेला की एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. घर कितीही जवळ असलं तरी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. टायमिंगचा पट्टा कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा बदला, आणि त्याबरोबर टेन्शनरही बघा. पट्ट्यावर ऑइल गळत असेल तर वाट बघू नका. आणि मिस्त्रीनं सांगितलं, "दोन दिवस जास्त लागतील," तर त्याच्यावर रागावू नका. त्यानं खरं सांगितलंय.

शाळेच्या वर्कशॉपसाठी मी एक पेटी आणलीय. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं ती इथं ठेवतो. त्यात एक व्ही-ब्लॉक आहे, एक डायल गेज आहे, एक जुनं हेड आहे, पोरांना खोलायला-जोडायला. आणि एका डबीत तो तुटलेला देठ आहे. सव्वीस वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता. आठवीच्या पोरांना आधी तार द्या, मग हा दाखवा.

सर, त्या दिवशी तुम्ही "हं" एवढंच म्हणालात. आज माझ्यानंतर वेळ तुमचाच आहे. जेवणाला अजून अर्धा तास आहे. काय बोलायचं ते बोला. मी उभा राहून ऐकतो, बाकावर म्हणालात तर बाकावर.

नमस्कार.